जुन्या इंजिनाचें वंगण : जाड कीं योग्य?

बैलगाडीच्या आंसास वंगण दिल्यावांचून बाजाराची वाट धरणारा शेतकरी आमच्या लहानपणीं केंदुरांत सहसा आढळत नसे. वंगण नसेल तर चाक करकरतें, आंस झिजतो आणि बैलांच्या मानेवर विनाकारण भार पडतो, हें गाडीमागें धांवणाऱ्या पोरासहि ठाऊक असे. कोणी एरंडेल वापरी, कोणी मोटारीचें जुनें काळें तेल मागून आणी. परंतु वंगणाविषयीं हयगय कोणी करीत नसे.

आतां बैलगाडी मागें पडली. १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि पुढें विहिरीविहिरींवर डिझेल इंजिनांचा आवाज घुमूं लागला. ता. १ जून १९४८ रोजीं नगर ते पुणें अशी राज्य परिवहनाची पहिली मोटार धांवली, ती आमच्याच शिरूर तालुक्यांतून. १९५४ सालीं जमशेदपुरास टाटांच्या कारखान्यांत मर्सिडीझ बनावटीचे ट्रक तयार होऊं लागले. १९८६ सालीं त्यांचा ४०७ हा लहान ट्रक निघाला, आणि कांदा व भाजीपाला वाहणाऱ्या गांवांत तो घरच्यासारखा झाला.

नवी गाडी घेण्याची ऐपत थोड्यांची असते. बहुतेकांच्या दारीं दुसऱ्याच्या किंवा तिसऱ्याच्या हातून आलेली गाडी उभी असते. अशा गाडीच्या इंजिनांत कोणतें तेल घालावें, या प्रश्नास आमच्याकडे एकच ठरीव उत्तर मिळतें : "इंजिन जुनें झालें, आतां जाड तेल घाला." हें उत्तर बरोबर कीं चूक, आणि बरोबर असल्यास केव्हां, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे. आम्ही यंत्रविद्येचे पदवीधर नाहीं. आमचें आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें. परंतु कागदावरची नोंद नीट वाचण्याची संवय तेथें लागली, आणि तिचा उपयोग तेलाच्या डब्यापुढेंहि होतो असें अनुभवानें कळलें. तो अनुभव प्रथम सांगतों.

स्वतःस लागलेली ठेंच

२०१७ सालीं आमचे धाकटे बंधु व आम्ही मिळून एक जुना ट्रक घेतला. घरचा व भावकीचा कांदा बाजारास न्यावा, आणि गळिताच्या हंगामांत उसाचें भाडें करावें, इतकाच हेतु होता. दोन हंगाम गाडी चांगली चालली. तिसऱ्या वर्षीं दसऱ्याच्या सुमारास धूर निळसर दिसूं लागला. तेलकाठीवरील पातळी आठवड्यास बोटभर उतरूं लागली. आणि गाडी तापून उभी राहिली म्हणजे तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा मिणमिणूं लागला. ओळखीच्या मिस्त्रीनें बॉनेट न उघडतांच सांगितलें, "अण्णा, चाळीसचें काढा, पन्नासचें घाला." आम्हीं तसें केलें. आठ दिवसांत धूर कमी झाला व दिवाहि विझला. त्या आनंदांत आम्हीं मिस्त्रीस घरीं बोलावून जेवावयास घातलें.

पौष महिना आला. पहाटे चार वाजतां बाजारासाठीं गाडी सुरू करावी, तर इंजिन जड फिरे; आणि सुरू झाल्यावर वरच्या झांकणाखालीं बराच वेळ खडखड ऐकूं येई. थंडीचे दिवस आहेत, असें म्हणून आम्हीं दुर्लक्ष केलें. पुढें चैत्रांत, बराखी भरण्याच्या ऐन घाईंत, इंजिनाचा जोर गेला, धूर पूर्वींपेक्षां दाट झाला, आणि एके दिवशीं शिक्रापूरच्या अलीकडे गाडी उभीच राहिली.

या वेळीं एका वृद्ध मिस्त्रीनें इंजिन खोललें. त्यानें प्रथम तेलाकडे पाहिलेंच नाहीं. हवेच्या फिल्टरापासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी काढून ती त्यानें आमच्या हातांत दिली. नळीस पट्टीच्या खालीं बोटभर चीर पडली होती. त्या चिरेंतून उसाच्या फडांतली व मुरमाच्या रस्त्यावरची धूळ न गाळतां सरळ सिलिंडरांत जात होती. तिनें लायनर व रिंगा घांसून टाकल्या होत्या. तीच धूळ तेलांत उतरून बेअरिंगांवर रेघा पडल्या होत्या. रॉकरच्या दांड्यास तेल सर्वांच्या शेवटीं पोंचतें. तो दांडा रोज पहाटे कोरडा फिरून खरवडला होता. वृद्ध मिस्त्री म्हणाला, "जाड तेलानें दुखणें बरें झालें नाहीं, कण्हणें तेवढें बंद झालें."

इंजिन पुन्हां बांधण्यास ७२,००० रुपये लागले. गाडी १९ दिवस उभी राहिली, व त्या दिवसांत घरचा कांदा भाड्याच्या गाडीनें न्यावा लागला, त्याचे १४,५०० रुपये झाले. रबरी नळीची किंमत ४५० रुपये होती.

वंगणाचें खरें काम

इंजिनांत क्रँकचा दांडा बेअरिंगांत फिरतो. परंतु सुरळीत चालणाऱ्या इंजिनांत धातूस धातु लागत नाहीं. दोहोंमध्यें केंसापेक्षांहि पातळ असा तेलाचा पडदा असतो, आणि सारा भार तो पडदा झेलतो. फिरणारा दांडा तेलास आपल्याखालीं ओढून घेतो व त्यावर तरंगतो. तेल फार पातळ झालें तर हा पडदा तुटतो. तेल फार जाड असलें तर तें अरुंद वाटांतून वेळेवर पोंचत नाहीं, पंपावर भार टाकतें आणि स्वतःच्याच घर्षणानें अधिक तापतें. याखेरीज उष्णता वाहून नेणें, काजळी व झिजेचे कण धरून फिल्टराकडे नेणें, आणि जळणापासून होणाऱ्या आम्लापासून धातूचें रक्षण करणें हींहि कामें तेलाकडेच असतात.

दाटपणा म्हणजे वाहण्यास होणारा विरोध. गुऱ्हाळावर काकवी पाहिलेल्यास हें अधिक समजावून सांगणें नको. कढईंतली काकवी पाण्यासारखी धांवते, आणि तीच काकवी थंडीच्या पहाटे डबा उपडा केला तरी लौकर पडत नाहीं. तेलाचेंहि तसेंच आहे. म्हणून किती उष्णतेस किती दाट, हें सांगितल्यावांचून दाटपणाच्या आंकड्यास अर्थ नाहीं. दुकानांत दोन बोटांत तेल चोळून पाहणाऱ्यास दुकानांतल्या उष्णतेचा दाटपणा कळतो. चालत्या इंजिनांतला कळत नाहीं.

डब्यावरचा सातबारा

जमीन घेतांना आपण सातबारा पाहतों, रकाना रकाना तपासतों. आणि हजारों रुपयांच्या इंजिनांत तेल घालतांना डब्यावर काय छापलें आहे तें वाचीत नाहीं. डब्यावर दोन नोंदी मुख्य असतात. पहिली नोंद दाटपणाची. अमेरिकेंतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें १९११ सालीं या प्रतवारीस आरंभ केला, म्हणून तिच्या आद्याक्षरांवरून एस. ए. ई. हा शब्द आंकड्यापूर्वीं येतो. पुष्कळ ट्रकांच्या तेलावर १५-डब्ल्यू-४० अशी नोंद असते. यांतील डब्ल्यू हें अक्षर हिवाळ्याच्या इंग्रजी नांवाचें पहिलें अक्षर होय.

डब्ल्यूच्या आधींचा आंकडा थंडीचा. १५-डब्ल्यू तेलानें थंड इंजिन फिरूं देण्याची परीक्षा शून्याखालीं २० अंशांस द्यावी लागते, २०-डब्ल्यू तेलानें शून्याखालीं १५ अंशांस. आंकडा जितका लहान तितकें तेल थंडींत अधिक वाहतें. आमच्या तालुक्यांत पौष-माघांतहि पारा शून्यापासून पुष्कळ वर असतो. तेव्हां १५ व २० यांपैकीं कोणत्याहि तेलानें इंजिन सुरू होण्याचें अडत नाहीं. तथापि थंड पहाटे लहान आंकड्याचें तेल वरच्या भागापर्यंत आधीं पोंचतें, आणि सुरू होतांनाचे पहिले कांहीं क्षणच इंजिनास अधिक झिजविणारे असतात, हें ध्यानांत ठेवावें.

डब्ल्यूच्या नंतरचा आंकडा तापलेल्या तेलाचा. तो १०० अंश उष्णतेस मोजलेल्या दाटपणावरून ठरतो. त्याचें माप सेंटीस्टोक या परिमाणांत देतात. २० अंश उष्णतेचें साधें पाणी सुमारें १ सेंटीस्टोक भरतें, यावरून पुढील आंकड्यांची कल्पना यावी :

तीस अंकाचें तेल : ९.३ पासून १२.५ च्या आंत.
चाळीस अंकाचें तेल : १२.५ पासून १६.३ च्या आंत.
पन्नास अंकाचें तेल : १६.३ पासून २१.९ च्या आंत.

म्हणजे चाळीस व पन्नास हीं तेलाच्या जातीचीं नांवें नव्हत. ते दोन लगतचे वाफे आहेत. एका कारखान्याचें चाळीस १५.५ भरेल, दुसऱ्याचें १३, दोन्ही चाळीसच.

ज्या डब्यावर एकच आंकडा असतो, उदाहरणार्थ नुसतें ४०, तें एकेरी प्रतीचें तेल. दोन आंकडे असलेलें दुहेरी प्रतीचें. दुहेरी तेलांत लांब साखळीचे विशिष्ट रेणू मिसळलेले असतात. थंडींत ते आकसून राहतात, तापल्यावर पसरतात. त्यामुळें तापलेलें तेल जितकें पातळ व्हावयाचें तितकें होत नाहीं. इंजिनाच्या दांत्यांत व बेअरिंगांत सांपडून हे रेणू कालांतरानें तुटतात, व तेल आपला वाफा सोडून खालीं उतरूं शकतें. तेल ठराविक मुदतींत बदलण्याचें हें एक कारण.

आणखी एक गोष्ट थोड्यांस ठाऊक असते. बेअरिंगांतल्या भाराखालीं तेल किती टिकाव धरतें याची निराळी परीक्षा १५० अंश उष्णतेस घेतात. तिच्यांत १५-डब्ल्यू-४०, २०-डब्ल्यू-४० व एकेरी ४० यांनीं निदान ३.७ भरावें असा नियम आहे. आणि पन्नास अंकाच्या तेलासहि तोच ३.७ चा किमान नियम आहे. पन्नासचें तेल प्रत्यक्षांत बहुधा अधिक भरतें हें खरें. परंतु चांगलें चाळीसचें तेल म्हणजे दुबळें तेल, हा समज निराधार आहे.

दुसरी नोंद गुणाची. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या संस्थेच्या, म्हणजे ए. पी. आय.च्या, नांवानें ती डब्यावर असते. एस अक्षरानें सुरू होणारी नोंद पेट्रोल इंजिनाची, सी अक्षरानें सुरू होणारी डिझेल इंजिनाची. डिझेलमध्यें सी-एच-४ ही प्रत १९९८ सालची, सी-आय-४ ही २००२ सालची, आणि सी-के-४ ही २०१६ सालची. पुढचें अक्षर म्हणजे सामान्यतः अधिक कडक परीक्षा. दाटपणा बरोबर असून गुणाची प्रत हलकी असेल, तर तेल लौकर बिघडतें आणि काजळीचा राळा धरतो. आमच्या मतें जुन्या इंजिनास जाड तेलापेक्षां चांगल्या प्रतीच्या तेलाची गरज अधिक असते.

उन्हाळा, भार आणि जाड तेल

"वैशाखांत चाळीस अंश उष्मा असतो, म्हणून जाड तेल हवें," असें पुष्कळ म्हणतात. यांत अर्धेंच सत्य आहे. तेल तापतें तें मुख्यतः इंजिनांतील जळणानें व भारानें. पाण्याचें प्रमाण व थर्मोस्टॅट ठीक असेल, तर पौषांत व वैशाखांत तापलेल्या इंजिनांतल्या तेलाच्या उष्णतेंत फरक पडतो, परंतु बाहेरच्या हवेंत जितका पडतो तितका नव्हे. गाडीवर बेसुमार भार घातला, घाटांत तिला दामटलें, रेडिएटर पाचोळ्यानें बुजला, तर मात्र तेल अतिशय तापतें. त्यावर रेडिएटर साफ करणें व भार बेताचा घालणें हाच उपाय. पन्नासचा डबा हा त्याचा उपाय नव्हे.

गरजेपेक्षां जाड तेलाचे तोटे असे : थंड पहाटे तें हेडपर्यंत उशिरां पोंचतें, घट्ट तेल फिल्टरांतून लौकर जात नाहीं, तेव्हां फिल्टराची आडवाट उघडते व कांहीं काळ तेल न गाळतां फिरतें, ज्या इंजिनास टर्बो आहे त्याच्या नाजूक बेअरिंगांस तेल मिळण्यास विलंब होतो, आणि डिझेल थोडें अधिक लागतें. दाबाचा कांटा वर दिसतो म्हणून आपण निश्चिंत होतों. परंतु दाब म्हणजे विरोध, पुरवठा नव्हे. पाटाचें दार अर्धें बंद केलें तर मागें पाणी तुंबून उंच दिसतें. वावरांत मात्र तें कमीच पोंचतें.

कोणत्या इंजिनास कोणतें तेल

सर्वांआधीं इंजिनाबरोबर आलेलें पुस्तक पहावें. पुस्तक हरवलें असल्यास त्याच बनावटीच्या दुसऱ्या गाडीचें पहावें, किंवा विक्रेत्याकडून इंजिनाच्या क्रमांकावरून विचारून घ्यावें. त्यानंतर सामान्य धोरण असें ठेवावें.

१. विहिरीवरचें जुनें, मंद गतीचें, मोठ्या चाकाचें इंजिन : यास बहुधा पुस्तकांत एकेरी ३० किंवा ४० अंकाचें तेल सांगितलेलें असतें, आणि तें चालतें. कांहीं जुन्या इंजिनांस तेलाचा फिल्टरच नसतो. तेथें तेल लौकर बदलणें व तळ धुणें हाच फिल्टर समजावा.

२. जुने ट्रक, टेंपो व ट्रॅक्टर : आमच्या हवेंत यांपैकीं बहुतेकांस १५-डब्ल्यू-४० किंवा २०-डब्ल्यू-४० हें तेल योग्य होतें. पुस्तकांत दोन्ही दिलीं असतील तर पहाटे सुरू होणाऱ्या गाडीस पहिलें घ्यावें. गुणाची प्रत पुस्तकांतल्या प्रतीहून खालची घेऊं नये.

३. भारत स्टेज ६ प्रमाणें बनलेल्या, म्हणजे ता. १ एप्रिल २०२० पासूनच्या नव्या गाड्या : यांच्या धुराच्या नळींत काजळी गाळणारी जाळी असते. काजळी जाळींत जळून जाते. तेलांतून आलेली राख मात्र जळत नाहीं, ती सांचून जाळी बुजविते. म्हणून येथें पुस्तकांत सांगितलेलें कमी राखेचें तेलच घालावें. जुन्या ट्रकासाठीं आणलेल्या डब्यांतलें उरलेलें तेल यांत ओतूं नये.

४. एफ-ए-४ अशी नोंद असलेलें पातळ तेल कांहीं विशिष्ट नव्या इंजिनांसाठींच निघालेलें आहे. जुन्या इंजिनांत तें घालूं नये.

जाड तेल केव्हां

पन्नासचें तेल कधींच घालूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. कांहीं पुस्तकांत उष्ण प्रदेशासाठीं २०-डब्ल्यू-५० ची मुभा दिलेली असते. झिजलेल्या बेअरिंगांतील फट वाढली असेल, तर एक वाफा वरचें तेल तेथें कांहीं काळ पडदा टिकवितें हेंहि खरें. परंतु असें तेल म्हणजे सावकाराकडून काढलेली रक्कम होय. तगाईप्रमाणें ती स्वस्त नसते. तेवढ्या मुदतींत इंजिन बांधण्याची तजवीज केली तर ती रक्कम उपयोगी पडली. न केली तर व्याज चढतें. म्हणून अंक वाढविण्यापूर्वीं पुढील पांच गोष्टी क्रमानें पहाव्या.

पहिली गोष्ट हवेची. फिल्टर, त्याचें झांकण, रबरी नळी व पट्ट्या हात फिरवून तपासाव्या. नळीच्या आंतल्या बाजूस पांढरें फडकें फिरवावें. फडक्यास माती लागली तर चीर शोधल्यावांचून गाडी हालवूं नये.

दुसरी गोष्ट पातळीची. गाडी सपाट जागीं उभी करून, इंजिन बंद केल्यानंतर कांहीं मिनिटांनीं, तेलकाठी पुसून पुन्हां घालून पहावी. पातळी कमी असेल तर खालून गळतें कीं धुरांतून जातें तें ठरवावें. पातळी आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानूं नये. तेलांत डिझेल किंवा पाणी उतरत आहे. वास डिझेलचा आला, किंवा रंग दुधाच्या चहासारखा दिसला, तर तेलाचा अंक बदलून कांहीं होणार नाहीं. डिझेलनें तेल पातळ होतें. तेथें दोष पंपाचा किंवा नोझलचा असतो.

तिसरी गोष्ट धुराची. निळा धूर तेल जळण्याचा, काळा धूर डिझेल अधिक किंवा हवा कमी असल्याचा, पांढरा धूर पाण्याच्या वाफेचा किंवा न जळलेल्या डिझेलचा. काळ्या किंवा पांढऱ्या धुरावर जाड तेल घालणें म्हणजे पोटदुखीवर कानांत औषध घालण्यासारखें आहे.

चौथी गोष्ट तेलाच्या वयाची. डिझेल इंजिनांतलें तेल थोड्याच दिवसांत काळें होतें. तो दोष नव्हे. काजळी तळाशीं बसूं न देतां तेल ती पोटांत धरतें, याची ती खूण आहे. रंगावरून तेल बदलूं नये व रंगावरून ठेवूंहि नये, मुदत मोजावी. उसाचा ट्रक कारखान्याच्या वाड्यांत रांगेंत इंजिन चालू ठेवून तासन्‌तास उभा राहतो; तेथें किलोमीटरचा आंकडा खोटा पडतो, तास मोजावे लागतात. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या पुस्तकांत २५० तासांची मुदत दिलेली असते. धुळीच्या कामांत ती पुरी होण्याची वाट पाहूं नये.

पांचवी गोष्ट दाबाची. तांबडा दिवा हा दवंडी पिटणारा आहे, मोजणीदार नव्हे. दिव्याचें बटण काढून तेथें दाबाचें घड्याळ लावावें, इंजिन पूर्ण तापल्यावर मंद व जलद अशा दोन्ही चालींत आंकडा लिहून घ्यावा, आणि पुस्तकांतल्या आंकड्याशीं ताडून पहावा. कित्येक वेळां दाब ठीक असतो व दिव्याचें बटणच बिघडलेलें असतें. वरील चार गोष्टी ठीक असून तापल्यावर दाब खरोखरच कमी असेल, तरच एक वाफा वरचें तेल घालण्याचा विचार करावा, आणि त्याच दिवशीं इंजिन बांधण्याच्या खर्चाची तरतूद सुरू करावी.

तीन मोठ्या चुका

कांहीं जण याहून पुढें जाऊन जुन्या इंजिनांत गिअरचें नव्वद अंकाचें तेल मिसळतात. नव्वद हा आंकडा पन्नासापेक्षां मोठा, म्हणून तेल जवळजवळ दुप्पट जाड, असा त्यांचा हिशेब असतो. तो सर्वस्वीं चुकीचा आहे. गिअरच्या तेलाची प्रतवारी निराळी आहे. नव्वदचें तेल १०० अंशांस १३.५ पासून १८.५ च्या आंत भरतें, म्हणजे इंजिनाच्या चाळीस-पन्नासाच्याच आसपास. अंगुळें व वितींची बेरीज करावी तसा हा प्रकार होय. शिवाय त्यांत गंधक व फॉस्फरस यांचीं तीव्र द्रव्यें असतात. तीं गिअरच्या दांत्यांस हितकर असलीं तरी इंजिनांतील पितळी बुशांस खातात, आणि काजळी धरून ठेवण्याचा गुण त्या तेलांत नसतो.

दुसरी चूक स्वस्ताईची. वापरलेलें तेल गाळून, रंग उजळून, नामांकित कारखान्याच्या रिकाम्या डब्यांत भरून विकण्याचा धंदा चालतो. आम्हीं स्वतः एकदां अशा डब्यास फसलों. टोपणाचें सील जागच्या जागीं होतें. परंतु ते दोन्ही डबे शेजारीं ठेवल्यावर त्यांवरील तुकडीचा क्रमांक व तारीख छापल्या जागीं खरवडल्याचें दिसलें. तेव्हांपासून पावती घेतल्याशिवाय आम्ही तेल घेत नाहीं, आणि आपला डबा रिकामा झाला कीं त्यास खिळा मारून भोंक पाडतों. आपल्या डब्यांत दुसऱ्याची फसवणूक होऊं नये, हेंहि आपलें काम आहे.

तिसरी चूक काढलेल्या तेलाची. तें बांधावर, ओढ्यांत किंवा विहिरीजवळ ओतण्याची रीत अजून गेलेली नाहीं. वापरलेलें तेल २०१६ सालच्या नियमांनुसार घातक कचऱ्यांत मोडतें व नोंदणी असलेल्या पुनःप्रक्रिया करणाऱ्याकडेच गेलें पाहिजे. कायदा नसता तरी, ज्या विहिरीचें पाणी जनावरें व माणसें पितात तिच्या कांठीं असलें तेल ओतणें शहाणपणाचें नव्हे. डबा भरून ठेवावा व गॅरेजवाल्यामार्फत पोंचवावा.

वही आणि घड्याळ

आतां आमच्या गाडींत २०० पानांची एक वही असते. तींत तारीख, किलोमीटर, तास, तेलाचा अंक, प्रत, तुकडीचा क्रमांक, किती घातलें, आणि तापल्यावरचा दाब, अशा आठ रकान्यांत नोंद होते. सातबाऱ्यावर फेरफार नोंदला नाहीं तर पुढें वाद उभा राहतो; इंजिनाचेंहि तसेंच आहे. या वहीमुळें गेल्या वर्षीं दाब हळूहळू उतरत असल्याचें दिवा लागण्यापूर्वींच दिसलें. शोध घेतां तेलाच्या पंपाकडील चाळण बुजलेली निघाली. एका दिवसाचें काम झालें. इंजिन खोलावें लागलें नाहीं, आणि चाळीसच्या तेलाचा अंकहि बदलावा लागला नाहीं.

केंदुरास लागूनच पाबळ आहे. तेथें १९८३ सालीं डॉ. श्रीनाथ कालबाग यांनीं विज्ञान आश्रम स्थापन केला, आणि हातानें काम करीत शिकण्याची रीत खेड्यांतील मुलांसाठीं घालून दिली. अंदाजाऐवजीं मापावर विश्वास ठेवावा, हें त्या रीतीचें मर्म आहे असें आम्ही समजतों. वंगणाच्या बाबतींत आपणांस उणीव आहे ती याच गोष्टीची. मिस्त्री अनुभवी असतात, परंतु मोजण्याचें साधन हाताशीं नसलें म्हणजे अनुभवी मनुष्यहि अंदाजावर जातो. आणि अंदाज चुकला तर भुर्दंड शेतकऱ्यास पडतो.

म्हणून संघाच्या चालकांस आमची एक सूचना आहे. तेलाचा दाब मोजण्याचें एक चांगलें घड्याळ, निरनिराळ्या आट्यांच्या जोडांसह, संघानें विकत घ्यावें व सभासदांस पावतीवर एका दिवसाकरितां द्यावें. त्याचा खर्च एका इंजिनाच्या बांधणीपुढें कांहींच नाहीं. ज्या सभासदांच्या गाड्यांस एकच अंक व प्रत लागते, त्यांनीं हंगामापूर्वीं आपली मागणी एकत्र नोंदवावी, म्हणजे तेल सरळ अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह आणतां येईल. गळिताचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं एवढें झालें, तर येत्या चैत्रांत बराखी भरण्याच्या वेळीं रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांपैकीं दोन-चार तरी कमी होतील. आमची वही ज्यांस पहावयाची असेल त्यांनीं केंदुरास अवश्य यावें. आम्ही ती दाखवूं, व ज्यांस हवी त्यांस तिच्या रकान्यांची नक्कलहि लिहून देऊं.